मुरणाऱ्या पाण्याचं शून्य

मुंबईतल्या आमच्या संस्थेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. आत धूळ जाऊ नये, एवढंच कारण. पण आतून बाहेर येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काकडआरती आटोपून आल्याचा जो भाव असे, तो काही धुळीपुरता नव्हता. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी वसईच्या वाडीतली पोरगी, गणितात एम.एस्सी. होऊन तिथे संशोधनाला लागले होते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच मला कळलं की या देवळात देव एक आणि बडवे फार.

बडवे म्हणजे आमचे सर आणि त्यांचे दोन लाडके. एक दादरचा, एक पार्ल्याचा. दोघंही माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच नवखे, पण तसं ते कधी दिसू देत नसत. दादरचा प्रोग्रॅम लिहायचा आणि पार्ल्याचा त्याने लिहिलेलं किती थोर आहे ते सरांना समजावून सांगायचा. मी त्या दोघांनी वाढवलेला पसारा आवरायची.

बाहेर तेव्हा बँकांतली माणसं कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा देत होती. मशीन येणार आणि नोकऱ्या खाणार, अशी धास्ती होती. म्हणून सरांनी मनावर घेतलं की मशीन समाजाच्या कसं उपयोगी पडतं ते आपण दाखवून द्यायचं. झालं. त्या दिवसापासून चहाच्या टेबलावर समाजाशिवाय दुसरा विषय नाही. "आपण लोकांपर्यंत गेलं पाहिजे," असं दादरचा म्हणायचा आणि चहाची कपबशी उचलायला येणाऱ्या माणसाकडे मान वर करून पाहायचासुद्धा नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मी गप्प बसून तो भात गिळत असे.

लोक म्हणजे नेमके कोण, हे ठरायलाच पावसाळा सरला. गिरणीकामगार नकोत, ते भांडतात. कोळी नकोत, ते समुद्रावर असतात, सापडत नाहीत. शेवटी शेतकरी पक्का झाला, कारण शेतकरी जागेवर असतो. मात्र खेडं असं हवं होतं की सकाळी जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतता यावं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"तुझं गाव वसई ना?" सर म्हणाले. "तिथे काय प्रॉब्लेम आहे?"

डॉक्टरने नाडी न बघता रोग विचारावा, तसं त्यांनी विचारलं. पण प्रॉब्लेम होता. गावोगाव वीज येऊन पंप बसले होते, विहिरींतून पाणी उपसलं जात होतं, आणि खाडीच्या अंगाच्या काही विहिरी मचूळ झाल्या होत्या. वसईला एका बाजूने खाडी, दुसऱ्या बाजूने समुद्र. गोडं पाणी मधे जपून राहिलेलं. मी हे सांगितलं. वाडीत पाणी कुठे वाया जातं ते मशीनकडून शोधून काढायचं, असा विषय ठरला. विषयाचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक होतं की ते म्हणताना सरांना मधे श्वास घ्यावा लागे.

आमची वाडी उमेळ्याच्या अंगाला होती. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर काकांनी आईला आणि मला सांभाळलं, मला शिकवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. होत्या त्या पानवेली. आमच्याकडे पूर्वी घरटी पानवेली असत, वसईच्या पानाला नाव होतं. हळूहळू सगळ्यांनी ती कटकट सोडून केळी आणि भाजी धरली. काकांनी सोडली नाही. पानवेलीला रोज पाणी लागतं आणि तेही गोडंच. जरा खारटलं की पानाची कड करपते, आणि करपलेलं पान कोणी हातात धरत नाही.

हे पाणी गोडं राहायचं ते बावखलामुळे. बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध खणलेला मोठा उथळ खड्डा, तळ्यासारखा. पावसात तो भरतो, मग महिनोन् महिने त्यातलं पाणी जमिनीत मुरत राहतं, आणि त्या मुरलेल्या पाण्याच्या जोरावर आसपासच्या विहिरी खारं पाणी लांब ठेवतात. बावखल कोणा एकाचं नसतं. आमचं चार घरांत होतं, सगळे भाऊबंद. वैशाखात पाणी तळाला गेलं की चारही घरांनी उतरून गाळ काढायचा, गाळ केळीच्या बुंध्यांना घालायचा, मासे वाटून घ्यायचे. आणि एक रीत अशी की चारांतलं एक घर जरी नाही म्हणालं, तरी बावखलाला कोणी हात लावायचा नाही.

आता तीन घरं हो म्हणत होती. पंप आल्यापासून रहाट कुजत पडला होता, गाळ काढायला कोणी उतरत नव्हतं. माझे थोरले चुलतभाऊ तिन्ही घरांच्या वतीने बोलायचे. स्टेशनाजवळचा एक माणूस दगडमाती आणून बावखल फुकटात बुजवून द्यायला तयार होता, वर ती जागा घ्यायलाही. चुलतभावांना वाडीत राहून पँटीला चिखल लागलेला आवडत नसे. मनवेलपाड्याला इमारती उठताहेत, आपण का मागे, असं त्यांचं म्हणणं. अडून बसले होते ते एकटे काका. त्यांची पानवेल बावखलाच्या काठाला होती. बावखल गेलं तर ती जाणार, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि चुलतभावांनाही माहीत होतं. त्यांना फक्त त्याचं काही वाटत नव्हतं.

अशा वेळी माझी ही वरात गावात आली.

टांग्यातून उतरल्यावर दादरच्याने पहिल्यांदा नाकाला रुमाल लावला. बोंबील वाळत नव्हते, नुसतं शेणखत होतं. पार्ल्याच्याने गळ्यात कॅमेरा अडकवला होता. त्याने केळीचा फोटो काढला, विहिरीचा काढला, आणि एका म्हातारीला कळशी उचलून तशीच उभी राहायला सांगितलं. ती बिचारी फोटो होईपर्यंत भरल्या कळशीनिशी उभी राहिली.

आमच्याकडे पानवेलीत कोणी चपला घालून जात नाही. वेलीला ते चालत नाही, असं मानतात. मला स्वतःला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण त्या गार सावलीत, त्या ओल्या मातीत बूट घालून शिरावं असं मला कधी सुचलंही नव्हतं. काका अनवाणी पुढे गेले आणि वळून पाहतात तर हे दोघे बुटांसकट आत. मी "बूट" एवढंच म्हणाले, तेवढ्यात काकांनी मला हातानेच गप्प केलं. पाहुण्याला टोकायचं नाही, ही त्यांची शिकवण. ज्या माणसांनी एका लोखंडी कपाटापुढे रोज चपला काढल्या, त्यांना इथे त्या काढाव्याशा वाटल्या नाहीत. त्या क्षणी मला दोघांची किळस आली, आणि ती आजतागायत गेलेली नाही.

"ही मिरी का?" दादरच्याने विचारलं.

"नाय, खायचं पान हाय," काका म्हणाले.

जेवणानंतर रोज पान जमवणारा हा गृहस्थ. त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

मग फॉर्म भरायला बसले. लागवडीखालची जमीन किती, पंप किती ताकदीचा, रोज किती वेळ चालतो. बावखलाला फॉर्मात जागाच नव्हती. ते कुठे घालायचं यावर दोघांची थोडी खलबतं झाली आणि शेवटी त्याची नोंद "उघडं पाणी, लागवड नाही" अशी झाली. काठीने लांबी-रुंदी मोजली. मी सांगत होते की या पाण्याचं काम खाली चालतं, वर दिसत नाही. पार्ल्याचा म्हणाला, "हो हो, ते येईल सगळं." काय येईल ते त्यालाच ठाऊक. काकांनी घरी न्यायला दोघांना केळीचे फणे आणि पानांची एकेक कवळी, म्हणजे बांधलेली जुडी, दिली. दादरचा कवळी टांग्यातच विसरला.

पुढचे दिवस कार्डं पंच करण्यात गेले. एकेका ओळीला एकेक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर भोकं. ते काम अर्थात माझं. एके दुपारी पार्ल्याचा येऊन म्हणाला, "बावखलातून मुरणाऱ्या पाण्याचा आकडा राहिलाय. काय घालू?"

"मोजलेला नाही," मी म्हटलं.

"मग शून्य घालतो."

"शून्य नाही. माहीत नाही."

दादरचा मागून हसला. "अगं, मशीनला 'माहीत नाही' असं सांगता येत नाही. रकाना रिकामा सोडलास तरी ते शून्यच वाचतं."

"मग मोजू या. एक-दोन पावसाळे लागतील."

"परिषद डिसेंबरात आहे," पार्ल्याचा म्हणाला.

मी सरांकडे गेले. शांतपणे सांगितलं की उन्हाने उडून जाणारं पाणी तुम्ही पुस्तकातून घेतलंत, तेही कुठल्याशा वाळवंटी मुलखाच्या तलावाचं, आणि जमिनीत मुरणारं शून्य धरलंत, तर उत्तर एकच येणार. त्याला मशीन कशाला हवं. सरांनी चष्मा काढला. "तुझ्या घरचं बावखल आहे, म्हणून तू भावनेच्या आहारी जाते आहेस," ते म्हणाले. "संशोधकाने तटस्थ असावं." तटस्थ म्हणजे काठावर उभा राहणारा. सर कुठल्याच काठावर कधी गेले नव्हते. सबंध अभ्यासात ते वसईला आलेच नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण यांचा उंटही मुंबईतच बांधलेला.

उत्तर एकच आलं. वाडीतल्या पाण्याची सगळ्यांत मोठी नासाडी बावखलात होते. ते बुजवून तिथे लागवड केली तर पाणी वाचेल आणि उत्पन्न वाढेल. दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर हे छापून आलं, तेव्हा दादरच्याने कागद असा हातावर घेतला की जणू नुकतंच बाळंतपण झालंय. अहवालावर चौघांची नावं घालण्यात आली. माझं काढा, मी म्हटलं. टाइप झालंय, असं उत्तर मिळालं.

समाजाला फळ देणं बाकी होतं. ते गावच्या शाळेत एका रविवारी दिलं. पार्ल्याच्याने तो कागद बाकांवरून उलगडत नेला, दारापर्यंत पोचला. माणसं वाकून वाकून पाहत होती. आकडेच आकडे, एक अक्षर मराठी नाही. तो म्हणाला, "हे आमचं मत नाही बरं का. हे मशीनचं मत आहे." आयुष्यात मी पुष्कळ लबाड वाक्यं ऐकली, त्यांत याचा नंबर फार वर लागेल. ज्याने स्वतः शून्य टाकलं, तोच सांगतोय की मत मशीनचं.

मी उठून उभी राहिले. मुरणारं पाणी यात धरलेलं नाही, असं मोठ्याने सांगितलं. थोरले चुलतभाऊ मागच्या बाकावरून म्हणाले, "तुजं पन नाव हाय ना त्याच्यावर?" सगळे हसले. मला खाली बसावं लागलं. नंतर दोघा संशोधकांना समुद्र बघायचा होता, म्हणून चुलतभावांनी त्यांना टांग्याने राजोडीला नेलं. तिथे त्यांनी पापलेट खाल्लं, पँटी दुमडून लाटांत उभे राहिले, आणि समाजसेवा आटोपून अंधार पडायच्या आत मुंबईला परतले.

चुलतभावांनी अहवालाची एक प्रत मागून घेतली होती. आमच्या ओटीवर ती घेऊन त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला भीती वाटत नव्हती. काका एकदा नाही म्हणाले की नाही, हे मला ठाऊक होतं. पण एका संध्याकाळी पानं खुडून झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"बाय, त्या मशीनची खोली कशी असते?"

मी सांगितलं. गार असते, धूळ चालत नाही, चपला बाहेर काढायच्या.

"चपला काढतात?" ते एकदम सरसावून बसले. "तुमचे सायब लोक पन?"

"सगळेच काढतात. धुळीसाठी."

माझं 'धुळीसाठी' त्यांनी ऐकलंच नसावं. मग म्हणाले, "जिथं चपला काढून जावं लागतं, तिथं खोटं नाय चालत."

मी त्यांना सगळं सांगितलं. शून्य कसं घातलं, कोणी घातलं, कशासाठी घातलं. कार्डं, रकाने, डिसेंबरची परिषद, काही सोडलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"तू बोलतेस ते तुज्या मनातलं," ते म्हणाले. "तू माजी, म्हनून माज्या बाजूनं बोलनार. तुजे भाऊ त्यांच्या बाजूनं बोलतात. मी माज्या पानवेलीच्या बाजूनं. गावात एक मानूस दाखव जो कोनाच्या बाजूचा नाय. त्या मशीनला ना वाडी, ना भाऊबंद. ते कशाला कोनाची बाजू घेईल?"

भाऊबंदकीत ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला बिननात्याचा साक्षीदार भेटला होता. त्याच्यापुढे पुतणीची काय किंमत. मला काकांचाही राग आला, हे लपवत नाही. शिकवलंत कशाला मग, असंही मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः चुलतभावांच्या दारात गेले आणि आपली हरकत नाही म्हणून सांगून आले. आपल्या एकट्याच्या हट्टापायी चार घरांचं पाणी फुकट चाललं होतं, याची त्यांना लाज वाटत होती.

दगडमातीचे ट्रक आले. भर पडताना बावखलातले मासे कडेकडेला गोळा होत गेले, आणि पोरांनी ते नुसत्या हातांनी धरले. नवीन जागेत कोणी काही लावलं नाही. पुढच्या दसऱ्याला तिथे विटांचे ढीग होते.

परिषद छान झाली, असं कानावर आलं. म्हातारीचा कळशीसकट फोटो पडद्यावर दाखवला, टाळ्या पडल्या. दादरचा त्या कामाच्या जोरावर अमेरिकेला गेला. पार्ल्याच्याला सरांनी कायमचं चिकटवून घेतलं, आणि त्यांचं लक्ष पुढच्या समाजाकडे गेलं. बहुतेक दवाखाने होते. मी ती जागा सोडली आणि कॉलेजात शिकवायला लागले. तिथेही मूर्ख भेटले, पण ते निदान लोकांचं भलं करायला निघालेले नव्हते.

विहिरीने थोडे उन्हाळे कळ काढली. मग एका मार्च महिन्यात आईने चहा टाकला आणि दूध फाटलं. दूधवाल्याला बोलून झालं, भांडं घासून झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटलं. तिसऱ्या दिवशी आईने पाण्याचा घोट घेऊन पाहिला, तो मचूळ लागला, आणि तिने लोटा खाली ठेवला. त्या वर्षी पानांची कड तपकिरी झाली. काका ती पानं एकेक करून खुडत राहिले, नवी पालवी येईल म्हणून. नवी पालवी आली ती येतानाच करपलेली. चुलतभाऊ तोवर नव्या इमारतीत राहायला गेले होते, आणि तिथे पाण्याचा टँकर यायचा.

मी रजेला घरी गेले होते. शेवटचे वेल त्या सकाळीच काकांनी उपटून बांधावर टाकले होते. दुपारी ते ओटीवर बसले होते, हात धुतलेले, मांडीवर ठेवलेले. त्या हातांना काही काम नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी कॉफी केली होती, बिनदुधाची. त्यांनी ती घेतली, आणि आवाजात कसलीही तक्रार न आणता, एखाद्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसं म्हणाले, "बाय, त्या मशीनला एकदा इचारून बघ ना. पानी परत गोडं कवा होईल?"

"मशीनला ते माहीत नाही, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोष द्यायचा त्यांच्या मनात नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

"मंग तवा का नाय सांगितलं तसं?"